राबलेली बाजू खाली

त्याला सगळे उसव्या म्हणत. हे नाव त्याला सासऱ्यानं दिलं होतं, आणि दिलं तेव्हा म्हातारा सासरा झालेला नव्हता, नुसता मालक होता. खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या नव्यानं भरून देण्याचं त्याचं दुकान. तिथं हा पोरगा कामाला लागला तोच एक खोड घेऊन. धड शिवलेली, कुणाची काही तक्रार नसलेली गादीसुद्धा हा उसवून बघायचा, आत काय भरलंय म्हणून. मग पुन्हा शिवायचा, आणि आधीपेक्षा सुबक शिवायचा, त्यामुळे मालकाला धड ओरडताही येत नसे. "अरे उसव्या, जे चांगलं चाललंय त्याला हात लावू नये, एवढं तरी शीक!" असं म्हातारा कपाळावर हात मारून म्हणे. बाकीचं सगळं काम तो शिकला, मालकाची मुलगीही त्यानं पटवली, पण हे एवढं शिकायचं राहून गेलं.

म्हाताऱ्याचा दुसरा एक नियम मात्र त्यानं गाठीला बांधला. गादी विकताना म्हातारा प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचा, "दर सहा महिन्यांनी उलटवा. राबलेली बाजू खाली, बसून राहिलेली बाजू वर. नाहीतर एकीकडेच खड्डा पडेल, मग माझ्या नावानं शिमगा करायचा नाही." नियम सोन्यासारखा होता. गादीच्या बाबतीत.

म्हातारा गेल्यावर दुकान मुलीकडे आणि जावयाकडे आलं. पुढच्या खोलीत उसव्या बसायचा, आजूबाजूला कापडाची ठाणं, दाभणं, पट्टे, स्प्रिंगा आणि उघडेबोडके लाकडी सांगाडे. बारीक खिळे तोंडात धरून एकेक ओठांवर आणायचा आणि हातोडीनं ठोकायचा, हे बघायला रस्त्यावरची माणसं थांबत. मागच्या खोलीत त्याची बायको बसायची. जुन्या सोफ्यांच्या पोटातून निघालेला काथ्या, कापूस, घोड्याचे केस हे सगळं तिच्यापुढे येऊन पडायचं, आणि ती ते हातानं सोडवून, पिंजून, पुन्हा भरायच्या लायकीचं करायची. कापूस उडतो म्हणून खिडकी बंद. वीस-वीस वर्षं लोक ज्यावर बसले, झोपले, जेवले, रडले, त्याची धूळ त्या खोलीत उडायची आणि तिच्या छातीत जाऊन बसायची.

डॉक्टरनं तिच्या छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाला, "बाई, तुमचं दुकान मला इथं आत दिसतंय."

ती हसली. तिला वाटलं विनोद केला.

"धूळ सोडा," डॉक्टर म्हणाला. "कमी करा म्हणत नाही मी. सोडा. आणखी एक-दोन वर्षं त्या खोलीत काढलीत, तर पुढची सगळी एकेक पायरी धापा टाकत चढण्यात जातील."

आता धूळ सोडायची म्हणजे दुकान सोडायचं. नव्या गाद्या कारखान्यातून स्वस्तात येतात. यांच्याकडे येतं ते जुनंच, आणि जुनं म्हटलं की मागची खोली आलीच. माणूस ठेवावा तर दुकानाची मिळकत त्याच्याच पगारात जाणार. मूलबाळ नव्हतं. मागेपुढे बघणारं कुणी नव्हतं. होता तो फंड.

त्या फंडाच्या जिवावर दोघांनी ठरवून टाकलं. महिनाअखेर दुकान बंद. तिनं स्वतःच्या हातानं पाटी लिहून दाराला लावली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली. "आता पुरे झालं हो. आम्ही पै-पै करून ठेवलंय, आमचं आम्हाला पुरेल." हे सांगताना मध्ये खोकायची, आणि खोकून झालं की पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

फंड आणला होता तिच्या भावानं, जो बापाच्या दुकानात कधी रमला नव्हता. सोळा-सतरा वर्षांपूर्वी एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका घेऊन तो दुकानात आला होता, नवा नवा एजंट झालेला. "भावोजी, पैसे नुसते ठेवून कुजतात. इथं हुशार माणसं बसवलीत, दिवसभर तेच काम. ती तुमचे पैसे सांभाळतील." उसव्याला ते पटलं. आपण सोफे सांभाळतो, ते पैसे सांभाळतात. ज्याचं काम त्यानं करावं. दर महिन्याला थोडे थोडे करत चार फंडांत पैसे जाऊ लागले.

तिथं पैसे सुखानं पडून राहिले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मालक उसव्या होता. पहिल्या सहा महिन्यांनी हिशेबाचा कागद आला, त्यात एक फंड चांगला वाढलेला, एक जागच्या जागी. उसव्यानं कागद फिरवून फिरवून बघितला आणि त्याच्या डोक्यात म्हातारा बोलला. हा राबला, याला आता विश्रांती. तो बसून खातोय, त्याला लावा कामाला. त्यानं मेहुण्याला फोन केला, वाढलेल्यातले पैसे काढून बसलेल्यात घालायला सांगितले. बसलेला फंड पुढे खरोखरच वाढला. झालं! माकडाच्या हाती कोलीत मिळालं.

तेव्हापासून हा घरचा नेमच होऊन गेला. ऋतू पालटला की एका सकाळी दोघं मिळून पलंगावरची गादी उलटवायची, चादर घालून व्हायची, आणि बायको विचारायची, "अहो, गादी झाली. पैसे उलटवलेत का?" एखाद्या वेळी तो विसरला, तर ती आठवण करून द्यायची. शेजारणींना सांगायची, "आमचे हे पैसेसुद्धा बाबांच्या नियमानं सांभाळतात." सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा की उसव्यानं नुसत्या त्या चेहऱ्यासाठीसुद्धा दर महिन्याला पैसे उलटवले असते.

आता दुकान बंद करायचं म्हणून एवढी मोठी रक्कम बाहेर काढायची म्हणजे आधी टॅक्सचं विचारून घ्या, असं फंडाच्या ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं. म्हणून तो कर सल्लागार बाईंकडे गेला. तिसऱ्या मजल्यावरची लहानशी खोली, एक टेबल, एक पंखा. बसता बसताच त्याच्या लक्षात आलं की बाईंच्या खुर्चीची बैठक डावीकडे दबली आहे. सांगावं का, असा विचार तो करत होता, तेवढ्यात बाईंनीच समोरच्या पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं.

"हे मधले मधले सगळे व्यवहार कसले? विकलेत आणि लगेच दुसरीकडे घेतलेत?"

"विकले नाहीत. उलटवले," उसव्या म्हणाला, जरा ऐटीतच. "ह्यातले काढायचे, त्यात घालायचे. दर सहा महिन्यांनी. एकदाही चुकवलं नाही."

"काढले म्हणजे विकलेच की हो."

"पण बाई, पैसे घरी आलेच नाहीत. एक छदाम मी हातात घेतलेला नाही. या खिशातून त्या खिशात."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट सांगणारी माणसं आधी काहीतरी टेबलावर ठेवतात. "काका, खिसे तुमचेच, पण मध्ये विक्री झाली. विक्रीत नफा झाला की त्यावर टॅक्स लागतो. पैसे हातात घेतले की नाही, ते कुणी विचारत नाही. आणि वर्षाच्या आत विकलं तर दर चढा. तुमचं तर बहुतेक सगळंच वर्षाच्या आतलं."

"म्हणजे दर वेळी टॅक्स?"

"दर वेळी. तुम्ही एकदाही भरलेला नाही. त्यावर व्याज चढलंय, आणि दंड." त्या थांबल्या. "शिवाय लवकर बाहेर पडलात म्हणून फंडवाल्यांनी दर वेळी थोडी रक्कम कापलीय ती वेगळी. मधूनअधून तोट्यात विकलं असतंत, तर तो तोटा तरी नफ्यातून वजा करता आला असता. तुम्ही दर वेळी नेमकं वाढलेलंच विकलंत."

"राबलेली बाजू..." उसव्या बोलायला लागला आणि गप्प झाला. हे इथं कुणाला सांगणार?

मग त्याला आठवलं, की मेहुण्यानं एकदा काही फी म्हणून सांगितलं होतं. "पण फी तरी ते घेत नाहीत माझ्याकडून. इतक्या वर्षांत एक बिल आलं नाही."

"बिल कशाला येईल? तुम्हाला जो भाव दिसतो तो फी कापूनच दिसतो. रोजच्या रोज. तुमच्या या फंडांची शेकडा दोनच्या वर आहे, वर्षाला."

"नफ्याचे दोन."

"सगळ्या पैशांचे. नफा होवो, न होवो. त्यातलाच वाटा एजंटला जातो."

हे मात्र उसव्याला चटकन समजलं. कापडवाला ठाण आपल्यापुढे मोजायला घेण्याआधीच आत जाऊन दोन बोटं कापड कापून ठेवतो, आणि आपण समोर बसून माप बरोबर भरलं म्हणून मान डोलावतो. बरं, ही दोन बोटं चोरून कापलेली नव्हती. पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. बाईंनी त्याला ते पान उघडून दाखवलं. कुणी फसवलं असतं तर चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

"मग आता किती राहतील? सगळं देऊन?"

बाईंनी आकडे मांडले. दोघांना महिन्याला जेवढे लागतात तेवढे काढत गेलं, तर सहा-सात वर्षं पुरतील. उसव्याच्या हिशेबानं जन्मभर पुरून वर कुणाला तरी ठेवून जायचे होते.

"आणि हात लावलाच नसता तर?"

"ते कशाला विचारता काका?"

"सांगा."

बाईंनी न बघता खालच्या कागदावर रेघ ओढली. आधीच हिशेब करून ठेवलेला असावा. "दोन वर्षांपूर्वीच दुकान बंद करता आलं असतं."

दोन वर्षांपूर्वी तिचा खोकला नुकता सुरू झाला होता. 'घसा धरलाय' म्हणून ती गरम पाणी प्यायची.

"सगळ्या नोंदी टॅक्सवाल्यांकडे आहेतच," बाई म्हणत होत्या. "त्यांचं बोलावणं यायच्या आत आपण होऊन भरलंत, तर दंड कमी बसेल. लवकर या." उसव्यानं मान हलवली. खुर्चीचं सांगायचं राहूनच गेलं.

रस्त्यावर आल्यावर त्यानं भिंतीला टेकून मेहुण्याला फोन लावला.

"भावोजी, मी कधी म्हटलं होतं उलटवा म्हणून?" सगळं ऐकून घेतल्यावर मेहुणा म्हणाला. "तुम्ही सांगायचात, मी अर्ज भरायचो."

"अरे, मग सांगायचं नाही का, टॅक्स बसतो म्हणून?"

"तुम्ही इतकं ठासून सांगायचात, मला वाटलं तुम्ही टॅक्स भरत असाल. आणि ताई तर दर वेळी मलाच विचारायची, ह्यांचा फोन आला का, उलटवलेस का. मी काय बोलणार?"

"तुझा वाटा किती होता रे त्यात?"

"सगळ्या एजंटांचा असतो तेवढाच. पाहिजे तर..." आणि ते 'पाहिजे तर' तिथंच राहिलं. मग खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "ताईला काय सांगणार तुम्ही?"

उसव्याला तोवर पैशांचंच दुःख होत होतं. मेहुण्याच्या या प्रश्नानं त्याच्यापुढे बायको उभी राहिली. नियम तिच्या बापाचा. आठवण करून देणारी ती. बापाची म्हणून तिच्यापाशी हे दुकान होतं आणि ते एक वाक्य होतं. खरं सांगितलं तर पैसे जातीलच, वर तिला हेही कळेल की बापाचं वाक्य आणि आपला लकडा यांनीच आपल्याला त्या खोलीत दोन वर्षं जास्त बसवलं. कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यानं तोंडाचा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला. दुकानात आला, आणि तोंडात मूठभर खिळे भरले. बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या बाई?" त्यानं खिळ्यांकडे बोट दाखवून मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच. ठोकायचं काही नसलं तरी खिळे तोंडात. जेवायपुरते काढायचा, आणि घास गिळला की पुन्हा भरायचा. शेवटी ती म्हणाली, "अहो, ते खिळे काढा आता. खुर्ची तर कालच झालीय."

उसव्यानं खिळे तळहातावर काढले. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाजार पडलाय."

"म्हणजे?"

"भाव खाली गेलेत. आत्ता काढले तर नुकसान. बाई म्हणाल्या, दोनेक वर्षं थांबा."

खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ती बघत राहिली. मग तिनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, दारापाशी गेली, आणि स्वतः लावलेली पाटी नखांनी काढायला लागली. चिकटवली होती पक्की. अर्धी फाटून आली, अर्धी राहिली.

"बाजार पडला त्याला आपण काय करणार!" ती म्हणाली. "दोन वर्षं काय, बघता बघता जातील. बंद करायचं म्हणून बाजूला ठेवलेला तो मोठा सोफा परत पाठवला नाहीत ना अजून? बरं झालं." फडकं तिनं नाकातोंडावर बांधलं आणि मागच्या खोलीत गेली.

उसव्या पुढे बसून राहिला. आत काथ्या सोडवल्याचा कुरकुर आवाज येत होता. जरा वेळानं खोकला आला. पहिल्यांदा बारीक, मग लांबलेला, मग ती थांबून श्वास घेते तो आवाज. आणि लगेच पुन्हा काथ्या. या आवाजाला तो इतकी वर्षं सरावलेला होता. घड्याळासारखा तो मागे चालू असायचा. आज प्रत्येक ढास त्याला आपल्या पाठीवर बसल्यासारखी वाटली. हातोडी उचलली, ठेवली. पुन्हा उचलली. मग उठला आणि आत गेला.

आत उजेडाच्या पट्ट्यात धूळ उभीच्या उभी तरंगत होती. ती सोफ्याच्या उघड्या पोटासमोर बसली होती. उसव्यानं दारातूनच सांगायला सुरुवात केली, आणि उलटसुलट सांगितलं. आधी दंड सांगितला, मग फी, मग टॅक्स, मग बाजार पडला नाही हे. मेहुण्याचा वाटाही सांगितला. ती हात न थांबवता ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर हात थांबले.

"उलटवलं म्हणून?" तिनं विचारलं.

"मी उलटवलं. तू नाही."

"आठवण कोण करून द्यायचं?"

त्यानं दाराच्या चौकटीवरची धूळ बोटानं पुसली.

"बाबा आणखीही एक सांगायचे," ती म्हणाली. "जे चांगलं चाललंय त्याला हात लावू नये. दिवसातून दहादा सांगायचे, तुम्हालाच सांगायचे. ते कसं नाही आठवलं हो?"

"तुला तरी कुठं आठवलं?"

हे त्याच्या तोंडून निसटलं, आणि निसटल्याबरोबर त्याला जीभ चावावीशी वाटली. पण ती त्यावर चिडली नाही. नाकावरचं फडकं तिनं खाली ओढलं. तोंडाच्या वरचा भाग धुळीनं करडा आणि खालचा स्वच्छ, असा तिचा चेहरा होता. एरवी कुणालाही हसू आलं असतं.

"पैशांचं जे झालं ते झालं," ती म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण केलं आपण दोघांनी, निस्तरू. पण तुम्ही मला म्हणालात बाजार पडला. बाजाराशी मला भांडता येत नाही, म्हणून मी गप आत येऊन बसले. तुमच्याशी मला भांडता आलं असतं. तेवढंसुद्धा तुम्ही मला करू दिलं नाहीत."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं. मग? मी काय साखरेची आहे, विरघळले असते? वाईट वाटू नये म्हणून दोन वर्षं मला इथं बसवणार होतात तुम्ही. या इथं." तिनं हात जमिनीवर आपटला, तशी धूळ उडाली आणि तिला ढास लागली. उसव्या पाणी आणायला धावला. पाणी तिनं घेतलं, पण त्याच्या हातून नाही. ग्लास खाली ठेवायला लावला आणि मग उचलला.

त्यानंतर कितीतरी दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. दूध आलं का, किल्ली कुठंय, एवढंच. मागच्या खोलीत मात्र ती पुन्हा गेली नाही. जायला निघाली होती, पण उसव्या आधीच तिथं जाऊन बसला होता, नाकाला फडकं बांधून, मांडीवर काथ्याचा गोळा घेऊन.

"उठा," ती म्हणाली. "तुमच्या बोटांना हे जमणार नाही."

"राबलेली बाजू खाली," उसव्या फडक्याच्या आतून म्हणाला. "तुझ्या बापाचाच नियम आहे. जा, पुढे शिलाईच्या मशीनवर बस."

ती बघत उभी राहिली. हसली नाही. पण पुढे जाऊन मशीनवर बसली, आणि थोड्या वेळानं मशीन चालल्याचा आवाज आला.

बाईंकडे दोघं बरोबर गेले. टॅक्स, व्याज, दंड सगळं भरायचं ठरलं. चारही फंड मोडून जे उरेल त्यातून एकच साधा फंड घ्यायचा, ज्यात बाजार जसा चालेल तसे पैसे चालतात, हुशार माणसं बसवलेली नसतात, आणि फी शेकड्याला पावसुद्धा नाही. तेवढ्यावर भागणार नव्हतं. दुकान आणखी तीनेक वर्षं चालवावं लागणार होतं, तेही अर्ध्या मिळकतीवर, कारण उसव्याच्या बोटांना बायकोचं काम दुपटीच्या वेळात जमत होतं.

"मग आता यात मी काय करायचं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"सहा महिन्यांनी?"

"तेव्हाही काही नाही."

उसव्यानं इतकं अवघड काम आयुष्यात अंगावर घेतलं नव्हतं. हातांना काहीतरी हवं म्हणून तो बाईंच्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "ही डावीकडे दबलीय. पाठवून द्या दुकानात, बघतो."

"पाठवू नका हो," बायको म्हणाली. "चांगली उजवी बाजूसुद्धा उसवतील."

बाई हसल्या. उसव्या हसला नाही, कारण तो बायकोकडे बघत होता. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याबद्दल काही बोलली होती. जिना उतरताना ती दोनदा थांबली, आणि दुसऱ्यांदा थांबली तेव्हा आधारासाठी तिनं कठड्याऐवजी त्याचा खांदा धरला.

ऋतू पालटला. एका सकाळी उसव्या उठला तर ती चादर काढून पलंगाशी उभी होती, गादीचा एक कोपरा धरून. तो दारातच थांबला.

"राहू दे की या वेळी," तो म्हणाला. "मला त्या उलटवण्याचा आता वीट आलाय."

"गादीनं कुणाचं घोडं मारलंय?" ती म्हणाली. "धरा तिकडून."

त्यानं धरली. दोघांनी मिळून गादी उचलून पलंगावर तिच्या कडेवर उभी केली. म्हाताऱ्यानं लग्नात भरून दिलेली जाडजूड गादी ती. उभी केली की पलीकडचं माणूस दिसत नाही. इथं दर वेळी ती विचारायची ते विचारायला तिनं तोंड उघडलं असावं, कारण तिचा श्वास आत घेतल्याचा आवाज त्याला ऐकू आला. पण ती बोलली नाही. तिला ढास लागली. उसव्यानं गादीचं सगळं वजन आपल्याकडे घेतलं आणि ती थांबायची वाट बघत उभा राहिला. तिची थांबते न थांबते तोच त्याच्या घशात काहीतरी खवखवलं आणि त्याला ढास लागली. महिना झाला, मागच्या खोलीतून बाहेर आल्यावर त्याला अशी ढास लागायची. आजवर त्यानं ती दुकानाच्या बाहेर जाऊन काढली होती.

गादीपलीकडे पाय सरकल्याचा आवाज आला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

उसव्याच्या तोंडात आज खिळे नव्हते. "घसा धरलाय" एवढंच म्हणायचं होतं, शब्द जिभेवर आलेही होते.

"महिना झाला," तो म्हणाला.

मग गादी त्याच्या हातात हलकी झाली. तिनं आपल्या बाजूचं वजन परत घेतलं होतं.

"बरं केलंत, सांगितलंत," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे जाऊ. आता सोडा."

दोघांनी एकदम सोडली. गादी धपकन आडवी पडली, धूळ उडाली, आणि दोघांनी तोंडं बाजूला फिरवली.